ताईच्या गाडीची चाकं

ताई गेल्याची बातमी मला बातमीसारखी कळलीच नाही. सकाळचा चहा घेत होतो, तेवढ्यात अर्नाळ्याहून हिराबाईचा फोन आला. हिराबाई म्हणजे अर्नाळ्याची कोळीण. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, त्यामुळे आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दर खेपेला तिला दारातून गाडीत घालून वसईच्या सेंटरवर नेणारी आणि संध्याकाळी परत आणून सोडणारी माझी मोठी बहीण, सुमनताई. हिराबाईने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "भाऊ, सुमनबायची गारी नाय आली अजून," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, येईल, रस्त्यात असेल कुठेतरी. त्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "तिची गारी कवा उशिरा आली नाय रे..." मी ताईला फोन लावला. नुसता वाजत राहिला. आगाशीला तिच्या शेजारणीला लावला, मागच्या दाराने जाऊन बघा म्हटलं, आणि स्कूटर काढली. आचोळ्याहून आगाशीपर्यंत मी काय काय मनात आणलं ते आता आठवत नाही. पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. ताई झोपेतच गेली होती. उशाशी चष्मा, पायाशी नीट घडी घातलेली चादर, आणि बाहेर अंगणात तिची पांढरी गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी. आदल्या संध्याकाळीच धुतलेली असणार, कारण चारही चाकं अशी लखलखत होती की ओटीवर जमलेल्या माणसांचे पाय त्यांत दिसत होते.

आता काही आठवडे उलटले. भेटायला येणारे सगळे ताईच्या सोशिकपणाबद्दल बोलतात, तिच्या हातच्या भानवल्यांच्या चवीबद्दल बोलतात, आणि थोड्या वेळाने न चुकता चाकांवर येतात. "एवढी जुनी गाडी, रोजची वापरातली, आणि चाकं बघा," असं म्हणून मान हलवतात. त्यांना चाकं आठवतात याचं मला बरं वाटतं. पण ती तशी का होती, ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

खरं म्हणजे ती चाकं ताईची नव्हतीच. ती आमच्या भावोजींची. प्रभाकर भावोजी सातिवलीला एका लहानशा कारखान्यात होते. दाराच्या मुठी, खिडक्यांच्या कड्या, असल्या ॲल्युमिनियमच्या वस्तू तिथे घासून, बफिंग करून चकाकत्या होऊन बाहेर पडायच्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या दारांच्या मुठी चमकवल्या. मग कधीतरी एक जुनी गाडी घेतली, आगाशी ते सातिवली जाण्यायेण्यासाठी. तिला ॲल्युमिनियमची चाकं होती, पण वरचा रंग पोपडे धरून उडालेला, कडा खरवडलेल्या. दुसऱ्या कोणी चाकांवर काळा रंग मारून घेतला असता आणि विसरून गेला असता. भावोजींनी चाकं सोडवली, रंग पार काढून टाकला, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक पॉलिश पेपर पाणी लावून फिरवले आणि शेवटी बफवर धरून आरसा केला. शेवटचं चाक बसवून झालं त्या दिवशी त्यांनी ताईला अंगणात हाक मारली. ती हात पुसत आली, चाकात वाकून बघितलं, केस सारखे केले आणि "छान आहे, आता मी इथेच बघेन, आतल्या आरशासमोर तुम्ही बसा," असं म्हणून परत आत गेली.

ॲल्युमिनियमला असं उघडं, रंगाशिवाय ठेवायचं म्हणजे रोजची कटकट. त्यातून आमच्याकडची हवा खारी. समुद्र दिसत नसला तरी रात्रीतून धातूवर हात फिरवून जातो. चार दिवस दुर्लक्ष केलं की चाकांवर पांढुरकं धुकं चढतं. वर रस्त्याचं वेगळंच. अर्नाळ्याकडून येणारे मासळीचे टेम्पो मिठाचं पाणी सांडत जातात, सातिवलीकडे कारखान्यांची धूळ, आणि ब्रेकची काळी भुकटी तर पुढच्या चाकांवर काजळासारखी बसते. गाडी झाकून ठेवली असती आणि सणासुदीला काढली असती तर निभलंही असतं. पण ती रोज जाणार, रोज येणार. लोक भावोजींना वेड्यात काढायचे. ते म्हणायचे, "रोज माखतात म्हणूनच रोज पुसायची ना. भांडी नाही का आपण रोज घासत?" ताई आतून ओरडायची, "आपण म्हणजे कोण? भांडी मी घासते!" रविवारी सकाळी ते खाली पाट टाकून बसायचे आणि एकेका चाकापुढे इतका वेळ घालवायचे की ताई त्या गाडीला माझी सवत म्हणायची. आल्यागेल्याला सांगायची, "सवत बाहेर उभी आहे, तिला धक्का लावू नका, हे उपाशी राहतील."

त्यांच्या घरात भांडणं फार नव्हती, तसं फार गोडगोडही काही नव्हतं. दोघंही आपापल्या कामात. ताई वाडी बघायची, केळी, मोगरा, थोडी पानवेल. एकुलता एक निखिल पुण्याला शिकायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. असंच चालत राहिलं असतं. पण भावोजींच्या पायांवर सूज येऊ लागली, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी किडन्या गेल्याचं सांगितलं.

सुरुवातीला ते स्वतःच गाडी चालवत डायलिसिसला जायचे. येताना मात्र पार गळून गेलेले असायचे. एकदा परतताना त्यांना रस्त्यातच गाडी कडेला घ्यावी लागली. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. कोणीतरी ओळखीचं भेटलं म्हणून घरी पोचले. त्यानंतर रिक्षा. खड्ड्यांतून रिक्षा अशी काही आदळायची की ते घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, बोलायचे नाहीत. निखिल म्हणाला, ड्रायव्हर ठेवू. भावोजी नको म्हणाले. परका माणूस गाडी कशी वापरेल, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला कळलं. त्याच रविवारी ताईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "अरु, मला गाडी शिकव."

मी हसलो. ताईने तोवर सायकलसुद्धा चालवलेली नव्हती. पन्नाशी उलटलेली, नऊवारी सुटून पाचवारी आली एवढंच काय ते आधुनिक पाऊल. ती हसली नाही. "हसून झालं असेल तर सांग, कधीपासून?"

अर्नाळ्याच्या वाटेवर एक मोकळं मैदान आहे, तिथे मी तिला शिकवलं. पहिले काही दिवस गाडी बेडकासारखी उड्या मारत होती. ताई क्लच सोडायची आणि गाडीलाच दटावायची, "थांब गं बाई, थांब, तुला घाई कसली?" रिव्हर्स घेताना एकदा नारळाच्या बुंध्यावर गेली. उतरून बघितलं, मागचा बंपर जरासा दबला होता. ती तिथेच मातीत बसली. मला वाटलं, आता संपलं. पण तिने पदराने तोंड पुसलं, चाकाकडे बघितलं आणि म्हणाली, "चाकाला नाही ना लागलं? मग चल, बस." त्या दिवशी मैदानावर आम्ही ऊन उतरेपर्यंत फेऱ्या मारल्या. लायसन्स मिळालं तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली आणि पहिल्यांदा भावोजींना शेजारी बसवून सेंटरवर नेलं. मी मागे बसलो होतो. भावोजी वाटभर डोळे मिटून होते. पोचल्यावर उघडले आणि पहिला प्रश्न काय, तर "फुटपाथला चाक घासलं का गं?"

घासलं होतं. पुढच्या डाव्या चाकाच्या कडेला बोटभर लांबीचा ओरखडा पडला होता. ताईचा चेहरा उतरला. भावोजी वाकले, ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता म्हणतील, चाक काढ, घासून टाकू. पण ते म्हणाले, "राहू दे हा. तुझी सही आहे ही." आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले.

चाकं पुसणं तिच्याकडे आलं ते मात्र असं सहज नव्हे. भावोजींच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशनने शीर तयार केलेली, त्या हातावर जोर द्यायचा नाही, आणि खाली वाकलं की धाप. त्यामुळे चाकं तशीच राहत होती. ओटीवर खुर्ची टाकून ते बसायचे आणि नजर सारखी अंगणाकडे. एक दिवस ते सेंटरवरून येऊन झोपले असताना ताईने मनावर घेतलं. देवाची तांब्याची भांडी ती ज्या चिंच-मिठाने उजळायची, तेच घेतलं आणि चारही चाकं मन लावून घासली. मी संध्याकाळी गेलो तर भावोजी ओटीवर उभे, ताई अंगणात उभी, आणि दोघांच्या मध्ये ती गाडी. चाकांची सगळी चमक गेली होती. चुना लावल्यासारखे मळकट पांढरे डाग पडले होते.

"मला वाटलं, देवासारखं लख्ख होईल..." ताई म्हणाली. तिच्या हातातून अजून चिंचेचं पाणी ठिबकत होतं.

भावोजी चाकांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मीच घाबरलो. मग त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या आणि ते हसू लागले. आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदा तसं हसताना ऐकलं. खुर्चीचा हात धरून, खोकला येईपर्यंत हसले. "सुमन," म्हणाले, "सवतीवर चांगला सूड उगवलास गं!" ताई आधी रडली, मग तीही हसत सुटली, आणि शेजारीपाजारी काय झालं म्हणून डोकावू लागले.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. भावोजी खुर्चीत, ताई पाटावर. चाक तापलेलं असताना पाणी मारायचं नाही, आधी हात लावून बघ, गार होऊ दे. चाकांची बादली वेगळी, गाडीच्या अंगाची वेगळी, फडकीही वेगळी. साबण साधा, सौम्य. घासणी नाही, राख नाही, चिंच तर नाहीच नाही. विहिरीचं पाणी मचूळ, त्याचे थेंब सुकले की ठिपके उमटतात, म्हणून शेवटचं पाणी नळाचं आणि लगेच कोरडं करायचं. पॉलिश बोटाच्या टोकाएवढंच घ्यायचं. ते फिरवलं की फडकं काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. ते काळं म्हणजे चाकाचं मळभ निघतंय. मग स्वच्छ फडक्याने तोंड दिसेपर्यंत पुसायचं, वर मेणाचा पातळ हात. खराब झालेली चाकं पूर्वीसारखी व्हायला बरेच रविवार गेले. ताईच्या जुन्या साड्या त्यात संपल्या. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. कुठलं चाक कुठल्या साडीने पुसायचं, यावरूनसुद्धा त्यांची चर्चा चालायची. "ही नको, ही मी तुला निखिलच्या बारशाला घेतली होती." "म्हणूनच मऊ आहे!" मी बाजूला बसून ऐकायचो. इतकी वर्षं ज्या घरात कामापुरतं बोलणं होतं, तिथे आता चाकांच्या निमित्ताने दोघं सकाळ सकाळ गप्पा मारत होते. भावोजी तिला धातूबद्दल सांगायचे, ती त्यांना मोगऱ्याबद्दल. ज्या गोष्टी लग्न झाल्यावर बोलायच्या राहून गेल्या होत्या, त्या तेव्हा बोलून झाल्या, असं मला वाटतं.

एका पावसाळ्यात वसईत पाणी भरलं होतं. डायलिसिसचा दिवस. रिक्षा बंद, बस बंद. ताईने सकाळपासून दोनदा गाडी काढली, दोनदा पाण्यावरून मागे फिरली. तिसऱ्यांदा लांबच्या, गावागावांतून जाणाऱ्या वाटेने गेली आणि सेंटरवर पोचली. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, आज बरेच पेशंट येऊच शकले नाहीत. संध्याकाळी ती दोघं परतली तेव्हा मी आगाशीला वाट बघत होतो. गाडी चिखलाने माखलेली, चाकांच्या आरपार खाडीचा गाळ. भावोजींना आत झोपवलं, आणि मी बघतो तर ताई बादली घेऊन अंगणात. भावोजींनी आतून हाक मारली, "अगं राहू दे आज. दमलीस."

"खाडीचं पाणी आहे, सकाळपर्यंत खाईल," ती म्हणाली. "आज नाही राहायचं."

मी आत गेलो तर भावोजी पडल्या पडल्या खिडकीतून बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला म्हणाले, "हिला मी फार उशिरा ओळखलं रे अरुण." त्याच हिवाळ्यात ते गेले.

ते गेल्यावर गाडी अंगणात तशीच उभी राहिली. कोणी हात लावला नाही. चाकांवर खाऱ्या हवेने धुकं चढलं, मग ते घट्ट झालं. निखिल म्हणाला, आई, गाडी विकून टाकू, घर बंद कर आणि पुण्याला चल. ताईने नाही म्हटलं नाही. तिने कशालाच नाही म्हटलं नाही त्या दिवसांत. एक गिऱ्हाईकही बघून गेलं.

आणि मग एका दुपारी हिराबाई आली. सेंटरवर भावोजींच्या शेजारच्या पलंगावर ती असायची, त्यामुळे ताईची आणि तिची ओळख होती. दोन रिक्षा बदलून, काठी टेकत ती भेटायला आली होती. मोठ्या हाडाची बाई, उमेदीत अख्खी टोपली डोक्यावर घेऊन आगाशीच्या बाजारात मासळी विकलेली. आता पाय सुजलेले, चेहरा काळवंडलेला. ओटीवर बसून दम खात होती. ताईने पाण्याचा तांब्या पुढे केला तर तिने नुसता घोट घेऊन परत दिला. "आमाला पानी पन मोजून," म्हणाली. "सुमनबाय, तुझा मानूस लई मयाळू व्हता. मशीन लावली का मी रडायची. तो मना सांगायचा, हिराबाय, गप ऱ्हा, माझ्या चाकांची गोष्ट सांगतो."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "कसली गोष्ट?"

"अगं, तुझीच की. चिच लावलीस ती." आणि हिराबाई सगळं सांगू लागली. ताई ऐकत होती, आणि किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

निघताना ताईने विचारलं, उद्या सेंटरवर कशी जाणार? हिराबाई म्हणाली, जाईन, नायतर नाय जानार. घरात मुलगा बोटीवर, सून मासळी घेऊन बाजारात, रिक्षाचे हाल सोसत नाहीत. मागच्या आठवड्यात एक खेप चुकवलीच होती. हिराबाई गेल्यावर ताईने आत जाऊन एक जुनी साडी फाडली, बादली भरली आणि पाटावर बसली. मी म्हटलं, ताई, अगं उद्या गिऱ्हाईक परत येणार आहे. ती म्हणाली, "येऊ दे. त्याला सांग, गाडीला काम लागलंय."

तेव्हापासून शेवटपर्यंत तिने हिराबाईची एक खेप चुकू दिली नाही. मधे मधे आणखीही कोणी असायचं, कोणी दोन महिने, कोणी वर्षभर. काही बरे होऊन... म्हणजे किडनी बदलून मोकळे झाले, काही गेले. हिराबाई टिकली. निखिल फोनवर चिडायचा, तुझ्या वयाला हे झेपतं का म्हणायचा. ताई म्हणायची, "वय बसून राहिलं की दिसतं." चाकं मात्र ती भावोजींपेक्षा कडकपणे सांभाळायची. दर खेपेनंतर धुणं, पुसणं, रविवारी पॉलिश. मी एकदा वैतागून म्हटलं, अगं, पेशंटना न्यायचं ना, मग चाकं आरसा कशाला हवीत? ती पाटावरून न उठता म्हणाली, "दवाखान्यात नेणारी गाडी दवाखान्यासारखी दिसू नये. अंगणात आली की वाटलं पाहिजे, आपल्याला कुठेतरी छान जायचंय." हिराबाई खरोखरच नटून यायची. केसांत फूल, अंगावर धुतलेलं लुगडं. अर्नाळ्याच्या पोरी तिला विचारायच्या, आजी, कोनाच्या लग्नाला?

...ताई गेली त्या सकाळी तिला घरातच ठेवलेलं होतं आणि निखिल पुण्याहून निघाला होता. तो पोचेपर्यंत थांबायचं होतं. ओटीवर माणसं जमत होती. तेवढ्यात रिक्षातून हिराबाई उतरली. तिला कळलं होतं. ती ताईच्या पायाशी, पायांवर हात ठेवून बसली. थोड्या वेळाने मला भान आलं की आज तिचा दिवस आहे, आणि आदल्या खेपेपासूनचं पाणी तिच्या अंगात साठलेलं आहे. श्वास जड चालला होता. मी जवळ जाऊन म्हटलं, हिराबाई, तुम्हाला सेंटरवर जायला हवं.

"आज कशी जाऊ?" ती म्हणाली. "बाय हितं निजलीय आनि मी मशीनवर जाऊ? आज नाय गेली तरी चालंल."

"चालणार नाही, तुम्हाला माहीत आहे."

"नाय चाललं तर नाय चाललं!" ती एवढ्या जोरात म्हणाली की ओटीवरची माणसं आत डोकावू लागली.

मी ताईकडे बघितलं. काय करावं ते मला कोणी सांगणार नव्हतं. आणि कोणी सांगायची गरजही नव्हती. खुंटीवरची किल्ली काढली आणि शेजारणीला म्हटलं, निखिल आला तर सांगा, मामा येतोच आहे. एक वडीलधारे म्हणाले, "अरुण, बहिणीला अशी टाकून?" हिराबाईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. ती नको नको म्हणत होती, पण गाडीपाशी आल्यावर थांबली, पदराने डोळे पुसले आणि आत बसली. सेंटरवर सिस्टरनी विचारलं, आज ताई नाहीत? हिराबाईच म्हणाली, "हाय. तिनंच धाडलंय."

तिला मशीनवर लावून, तिच्या सुनेला फोन करून मी परत निघालो. वळणावर केळीच्या बागेआडून गाडी अंगणाकडे वळवली तर फाटकात निखिल उभा. हातात बॅग तशीच. त्याने गाडी बघितली आणि एकदम दोन पावलं पुढे आला, चेहरा उजळला. मग मला बघितलं. मी उतरलो तेव्हा तो खाली बसला होता, पुढच्या चाकाशी, आणि चाकात स्वतःचंच तोंड दिसत होतं त्याला. "मामा," म्हणाला, "मला वाटलं... क्षणभर मला खरंच वाटलं..." मी त्याच्या शेजारी बसलो. आत माणसं वाट बघत होती, पण आम्ही थोडा वेळ तिथेच बसलो.

गाडी निखिलने माझ्याकडे ठेवली. कागदोपत्री काय ते होईल, म्हणाला, पण बंद ठेवू नका. आता ती आचोळ्याला आमच्या बिल्डिंगखाली असते. नोकरीतून मी मोकळाच आहे. मला ताईसारखी चाकं जमत नाहीत. पहिल्या रविवारी पॉलिश जास्त घेतलं, सगळीकडे काळं करून ठेवलं, बायकोने माझा शर्ट फेकून दिला. हळूहळू येतंय.

हिराबाईला मीच नेतो. पहिल्या काही खेपा ती नुसती पुढे बघत असायची. मग एकदा अचानक म्हणाली, "भाऊ, तू लहानपनी आंधाराला भ्यायचास ना?" मी चमकून बघितलं. म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं? "कोन सांगनार? येता-जाता बोलायची ना ती. गारीत बसली का तिचं तोंड बंद नसायचं."

आम्हाला घरात ताई थट्टामस्करीपलीकडे कधी फार बोललेली आठवत नाही. भावोजी गेल्यावर तर स्वतःबद्दल एक शब्द नाही. आणि ही बाई म्हणते, तोंड बंद नसायचं. लग्नाआधी ताईला शिक्षिका व्हायचं होतं, हे मला हिराबाईकडून कळलं. मला ताप आला होता तेव्हा तिने केलेला नवस, भावोजींची पहिली भेट, निखिल पुण्याला गेला त्या दिवशी ती वाडीत जाऊन बसली होती ते... माझ्याच घरातल्या, माझ्याच बहिणीच्या गोष्टी, मी पहिल्यांदा ऐकतोय. हिराबाई आठवेल तसं सांगते, मधे दम घेते, कधी तेच पुन्हा सांगते. मी थांबवत नाही.

परवा परतताना ती मैदानाची गोष्ट सांगत होती. "बुंध्यावर गारी घातली तवा ती मातीत बसली, ठावं हाय?" म्हटलं, मी होतो ना तिथे. "मग तुला म्हाईत नाय," हिराबाई म्हणाली. "ती मनात बोलली, आता उठायचं नाय, हे आपलं काम नाय. आनि मग तिनं तुझ्याकडं बघलं. तू कायच बोलला नाय. नुसता दार उघडून उभा व्हतास. म्हनून उठली, म्हनायची..."

अर्नाळा जवळ आलं होतं. पुढे रस्ता मोकळा होता, एकही टेम्पो नाही. मी गाडी हळू केली.